दिवाळीची आगगाडी

दिल्लीत दिवाळी येते ती थंडीचा हात धरून. अभ्यंगस्नानाच्या पहाटे पुण्यामुंबईकडे जी हवीहवीशी थंडी जाणवते, ती येथे पुढच्या महिनाभरात हाडांपर्यंत पोहोचते. पण त्याहून मोठा फरक हवेचा. उत्तरेकडील शेतांत जाळलेल्या भाताच्या काडाचा धूर, वाहनांचा धूर, रस्त्यांची धूळ आणि पडलेला वारा यांच्या संगनमताने याच सुमारास राजधानीचे आकाश राखी होते. २०१९, २०२१ आणि २०२४ या वर्षांच्या नोव्हेंबरात तर शाळांचे वर्ग काही दिवस बंद ठेवावे लागले किंवा घरूनच चालवावे लागले. फटाक्यांच्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये प्रथम निर्बंध घातला. तेव्हापासून कधी बंदी, कधी सवलत असे चालत आले आहे. म्हणजे सणाच्या दिवसांत मुलांनी अंगणात जावे तर हवा वाईट, आणि घरात बसावे तर हाती काय द्यावे, हा पेच दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या साऱ्या पट्ट्यातील घरांपुढे दरवर्षी उभा राहतो. पहाडगंजातील जुने मराठी बिऱ्हाड असो की नोएडातील चौदाव्या मजल्यावरचे नवे घर असो, त्यातून सुटका नाही. या पेचावर जे अनेक उपाय योजले जातात, त्यांतील एक फार जुना व फार गोड उपाय म्हणजे खेळण्यातली आगगाडी.

दसऱ्यापासून नाताळापर्यंत दिल्लीच्या बाजारात तिचा मोसम असतो. सदर बाजाराच्या तेलीवाड्यात, जेथे खेळणी घाऊक भावाने मिळतात, तेथे रंगीत खोक्यांच्या राशी लागलेल्या दिसतात. लाल एंजिन, हिरवे डबे, पुढे दिवा, धुराड्यातून धुरासारखे काहीतरी, आणि बटण दाबताच एखादी धून. नाताळ जवळ आला की याच गाडीवर पांढऱ्या दाढीचे सांताबाबा स्वार होतात. कनॉट प्लेसमध्ये १९३५ साली आलेल्या राम चंदर अँड सन्ससारख्या जुन्या दुकानाची आठवण सांगणारे आजोबा अद्याप दिल्लीत भेटतात. त्यांच्या नातवंडांची खरेदी आता बहुधा घरबसल्या होते. खरेदी कोठेही होवो, एक गोष्ट मात्र बदलत नाही. घेणारा पाहतो एंजिनाकडे. वास्तविक त्याने प्रथम पाहावयास हवे रुळांकडे.

हे विधान चमत्कारिक वाटेल; परंतु खेळण्यातल्या आगगाडीचा सगळा इतिहास याच एका विधानाभोवती फिरतो.

आगगाडी खरी धावू लागल्यावर खेळण्यातली गाडी निघावयास फार वेळ लागला नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात लाकडाच्या, पत्र्याच्या, पुढे चावीच्या गाड्या होत्याच. पण त्या सुट्या होत्या. एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर बसत नसे; किंबहुना पुष्कळ गाड्यांना रूळच नसत, त्या जमिनीवर ओढावयाच्या. जर्मनीतील ग्योपिंगेन गावी १८५९ साली सुरू झालेला मेर्क्लिन हा कारखाना आधी बाहुलीघराची पत्र्याची भांडीकुंडी बनवीत असे. भातुकलीचा संसार एका दिवसात पुरा होत नाही, हे त्यांना धंद्यातूनच कळलेले होते. आज चूल, पुढच्या वर्षी पातेली, त्यापुढच्या वर्षी कपाट, असा तो वाढत जातो. आणि मुलीचा आनंद मिळालेल्या वस्तूत जितका, तितकाच अजून न मिळालेल्या वस्तूत असतो. हीच युक्ती मेर्क्लिनने आगगाडीला लावली. १८९१ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी ठरावीक मापाचे रूळ, त्यावर चालणारी गाडी आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा लोहमार्ग मांडला. रुळांमधील अंतराला त्यांनी क्रमांक दिले. आता एका नाताळात गाडी घ्यावी, पुढच्या नाताळात दोन रूळ आणि एक सांधा, नंतर एक स्टेशन, असा मार्ग मोकळा झाला. सण आणि आगगाडी यांची गाठ पडली ती येथे.

या गाठीला आणखी एक धागा आहे, आणि तो मराठी माणसाला विशेष ओळखीचा वाटावा. जर्मनीतून अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनियात जाऊन स्थायिक झालेल्या मोराव्हियन पंथाच्या लोकांत नाताळच्या झाडाच्या बुंध्याशी एक छोटे जग मांडण्याची रीत होती. शेवाळ्याची हिरवळ, दगडांचे डोंगर, लाकडी मेंढरे, मेंढपाळ आणि मधोमध बाळ येशूचा गोठा. या मांडणीला ते पुट्झ म्हणत. पुढे घराघरांत वीज आली, झाडावर विजेचे दिवे लागले, आणि त्या डोंगरांमधून आगगाडी धावू लागली. येशूच्या जन्मकाळी आगगाडी कोठून आली, असा प्रश्न तेथे कोणा मुलाने विचारला नसावा. महाराष्ट्रातही दिवाळीच्या किल्ल्यात राजगादीवर शिवाजी महाराज, बुरुजांवर मावळे आणि पायथ्याशी पत्र्याची मोटार व पोलीस असा देखावा पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. मुलांच्या इतिहासात काळाचे कुंपण नसते. माती, विटा, गोणपाट यांनी उभा केलेला, हळीव किंवा मोहरी पेरून हिरवा केलेला तो किल्ला आणि पेन्सिल्व्हेनियातील तो पुट्झ ही सख्खी नव्हे तरी चुलत भावंडे खचित म्हणावी लागतील.

अमेरिकेतील लायनेल या कारखान्याची कथा तर याहून बोलकी आहे. जोशुआ लायनेल काउएन नावाच्या तरुणाने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी विजेवर चालणारी एक छोटी गाडी तयार केली, ती खेळणे म्हणून नव्हे, तर न्यूयॉर्कमधील एका दुकानाच्या काचेआड फिरत ठेवून गिऱ्हाइकाचे लक्ष मालाकडे वेधावे म्हणून. झाले उलटेच. लोक थांबत, पण माल सोडून गाडीच मागत. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई पडली, तेव्हा १९४३ च्या नाताळासाठी या कारखान्याने चक्क पुठ्ठ्याची गाडी विकली. घडी घालून, कापून, खाचांत खाचा अडकवून ती घरी जुळवावयाची. ती जुळता जुळत नसे, अशी तिची कीर्ती आहे. इंग्लंडात फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये चावीच्या गाड्या काढल्या आणि त्या समुद्रमार्गे हिंदुस्थानातील सधन घरांतही येऊन पोहोचल्या.

आता दिल्लीतील खोक्याकडे वळू. त्यातील वर्तुळाकार रूळ सुटे घ्यावयास मिळतात काय, हा पहिला प्रश्न. न मिळाल्यास गाडी जन्मभर एकाच वर्तुळात फिरणार. असे वर्तुळ मुलाला तीन दिवस मोहविते. चौथ्या दिवशी त्याला पुढचे सारे ठाऊक झालेले असते. गाडी मोडत नाही, तरीही ती कपाटावर जाते. याउलट ज्या रुळांना एक सरळ तुकडा, एक सांधा, एक पूल पुढे जोडता येतो, त्यांच्या साह्याने मूल रोज नवा मार्ग आखते आणि प्रत्येक नव्या मार्गावर जुनीच गाडी नवी होते. म्हणून दोन एंजिने आणि गोल रूळ असलेल्या खोक्यापेक्षा एक एंजिन आणि मापाचे रूळ असलेले खोके केव्हाही सरस.

मापाचे म्हणजे कोणत्या मापाचे? जगात सर्वांत रूढ आहे ते एच. ओ. हे माप. मेर्क्लिनच्या क्रमांकांत पुढे शून्य क्रमांकाची भर पडली होती. त्या शून्याचे अर्धे ते हे. यात खरी वस्तू ८७ पट लहान केलेली असते आणि दोन रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. हे अंतर युरोप-अमेरिकेतील १,४३५ मिलिमीटरच्या लोहमार्गावरून आले आहे. भारताचा रुंदमापी मार्ग १,६७६ मिलिमीटरचा, म्हणजे त्याच प्रमाणात सुमारे १९ मिलिमीटरचा व्हावयास हवा. त्यामुळे या रुळांवर उभे केलेले भारतीय एंजिन आपल्या अंगच्या रुंदीपेक्षा किंचित अरुंद पायांवर उभे असते. जाणकार हळहळतात, मुलांच्या ते ध्यानातही येत नाही.

पण गणित एवढ्यावर थांबत नाही. राजधानी एक्सप्रेसचा आजचा एक डबा साधारण साडेतेवीस मीटर लांब. ८७ ने भागल्यास २७ सेंटिमीटर झाले. वीस डबे जोडावयाचे तर नुसत्या डब्यांचीच लांबी ५ मीटर ४० सेंटिमीटर भरते. दिल्लीतील मध्यम घराची बैठकीची खोली बारा-पंधरा फुटांची. म्हणजे एंजिन गॅलरीत गेले तरी शेवटचा डबा स्वयंपाकघरात राहील! वळणाचे तर विचारूच नये. रुंदमापी मार्गावर फार तीव्र समजले जाणारे वळण १७५ मीटर त्रिज्येचे असते. ते ८७ पट लहान केले तरी त्रिज्या दोन मीटर, आणि पुरे वर्तुळ मांडावयास चार मीटरची मोकळी जमीन लागेल. खेळण्याच्या कारखानदारांनी यावर तोडगा काढला आहे: ते वळण बेधडक आवळतात. त्यांच्या नेहमीच्या वळणांची त्रिज्या ३६ ते ४४ सेंटिमीटर असते, आणि म्हणूनच सव्वा मीटर लांबीरुंदीच्या फळीवर संसार थाटता येतो. लांब डबे या वळणावर कडेला वाकून बाहेर डोकावतात व घसरतात. तेव्हा लहान घरासाठी आखूड डबे आणि आखूड एंजिन निवडणे शहाणपणाचे.

येथे एक मौजेची गोष्ट आढळते. दिल्लीहून कालक्याला जावे आणि तेथून सिमल्याची गाडी पकडावी. १९०३ साली सुरू झालेल्या या ७६२ मिलिमीटरच्या मार्गाला लोक कौतुकाने ‘टॉय ट्रेन’ म्हणतात. तिचे सर्वांत तीव्र वळण सुमारे ३७ मीटर त्रिज्येचे आहे. त्याला ८७ ने भागून पाहावे. उत्तर येते साडेबेचाळीस सेंटिमीटर, खोक्यातल्या वळणाइतकेच. राजधानी एक्सप्रेस खेळण्यात शिरताना जी खोटी होते, ती सिमल्याची गाडी तशी होत नाही. डोंगराने तिला आधीच दिवाणखान्याच्या मापाची करून ठेवली आहे. डोंगरी गाडीची छोटी प्रतिकृती घरात इतकी शोभून का दिसते, याचे कारण हे.

गाडी चालते कशाने, हा दुसरा विचार. स्वस्त गाडीच्या पोटात विजेरीचे घट असतात. तिच्या रुळांना वाट दाखविण्यापलीकडे काम नसते. घट उतरले की गाडी रडतखडत चालते आणि चढणीवर थांबते. शिवाय एंजिन हलके असल्यास चाके जागच्या जागी फिरतात, कारण ओढण्याची शक्ती यंत्राइतकीच वजनावर अवलंबून असते. म्हणून एंजिन हातात घेऊन त्याचे वजन अजमावून पाहावे. चाकांवर रबराची बारीक पट्टी असल्यास पकड अधिक बसते. दुसऱ्या प्रकारात वीज रुळांतून येते. घरातील २३० व्होल्टचा प्रवाह एक पेटी १२ व्होल्टच्या आसपास उतरविते आणि एका दिशेने वाहणारा करते. एक रूळ धन, दुसरा ऋण. चाके परस्परांपासून विलग केलेली असतात, त्यामुळे प्रवाह एका बाजूच्या चाकांतून शिरून यंत्र फिरवितो व दुसऱ्या बाजूने परततो. कळ फिरवावी तसा वेग वाढतो. धन-ऋण उलटे केले की गाडी मागे येते. मुलाने सहज विचारलेल्या ‘असे का?’ या प्रश्नाचे उत्तर येथे डोळ्यांपुढे धावत असते. मात्र रूळ फासासारखा वळवून पुन्हा त्याच मार्गाला जोडला, तर धन रूळ ऋणाला भिडतो आणि सारे ठप्प होते. मेर्क्लिन मधोमध तिसरा वाहक ठेवते, तेथे ही अडचण येत नाही. अलीकडे प्रत्येक एंजिनात इलेक्ट्रॉनिक चकती बसवून एकाच मार्गावर दोन गाड्या वेगवेगळ्या वेगाने हाकता येतात. पण ती पुढची पायरी होय, पहिल्या दिवाळीची नव्हे.

रुळांतून वीज घेणाऱ्या गाडीला दिल्लीत एक शत्रू आहे, आणि तो म्हणजे येथील धूळ. ती खिडक्या लावल्या तरी आत येते. रुळांवर तिचा थर बसला की चाक व रूळ यांचा स्पर्श तुटतो, ठिणगी उडते आणि गाडी अडखळते. घरोघर मग दुकानदाराला दोष दिला जातो. वस्तुतः मऊ फडक्यावर थोडे स्पिरिट घेऊन, वीज बंद करून रूळ व चाके पुसली की बहुतेक दुखणी पळतात. गालिच्यावर रूळ मांडणे तर टाळावेच. गालिच्याची लव दातेरी चाकांत गुंतते आणि यंत्र तापते. प्लायवुडची एक फळी आणून तिच्यावर रूळ बसवावेत. वापर नसेल तेव्हा ती पलंगाखाली सरकविता येते, आणि दिल्लीतील घरांत जागेचा प्रश्न बहुधा पलंगाखालीच सुटतो.

सुरक्षिततेची बाब त्रोटकपणे सांगता येईल, पण ती दुय्यम नव्हे. १ जानेवारी २०२१ पासून, चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आय. एस. आय. चिन्ह असणे बंधनकारक झाले आहे. विजेच्या खेळण्यांना वेगळी कसोटी आहे आणि त्यात खेळण्याला २४ व्होल्टपेक्षा अधिक वीज देता येत नाही. भिंतीतल्या विजेवर चालणारी पेटी मात्र मोठ्यांनीच लावावी व काढावी. बाजारात चिन्ह नसलेला माल अगदीच दिसत नाही असे नाही. खोके उलटून पाहण्यास अर्धे मिनिट लागते. तीन वर्षांखालील बालकाच्या हाती सुटे होणारे बारीक भाग किंवा बटणासारखे घट असलेली गाडी देऊच नये, कारण असा घट गिळला गेल्यास काही तासांत अन्ननलिका जळते. त्या वयाला लाकडाची गाडी बरी. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांशी परिचय असलेल्या घरांना हे निराळे सांगावयास नको. परदेशी संचांच्या किमती ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. खेळण्यांवरील आयात कर २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आला, हे त्याचे एक कारण. अशा महाग संचापेक्षा लहान सुरुवात करून रूळ वाढवीत जाणे बहुतेक घरांना परवडते.

आणि खरेदीपूर्वी एक दिवस चाणक्यपुरीत घालवावा. तेथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १ फेब्रुवारी १९७७ रोजी उघडले. खरी एंजिने जमिनीवर उभी असलेली तेथे पाहावयास मिळतात. फलाटावरून एंजिन अर्धेच दिसते. येथे चाके, दांडे, धुराडे सारे दिसते. पतियाळा संस्थानची १९०७ ची, एकाच रुळावर चालणारी गाडी तेथे आहे; तिचे एक मोठे चाक रस्त्यावरून धावे. मराठी मुलांना मुद्दाम दाखवावे असे माथेरानच्या रेल्वेचे छोटे वाफेचे एंजिनही तेथे आहे. नेरळहून १९०७ मध्ये माथेरानला पोहोचलेल्या या गाडीची एंजिने जर्मनीतून आली होती, आणि वेड्यावाकड्या वळणांत चाकांनी नमते घ्यावे म्हणून त्यांचे आस किंचित कडेला सरकतील असे बसविलेले होते. खोक्यातले एंजिन वळणावर का घसरते व माथेरानचे का घसरत नव्हते, हे तेथे उभ्या उभ्या समजते. संग्रहालयाच्या आवारात लहानशी गाडी मुलांना फिरवूनही आणते. सुट्टीत पुण्याला जाणाऱ्यांनी कोथरूड भागातील जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालयही पाहावे. १९९८ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या त्या छोट्या नगरीत रूळ, सांधे आणि सिग्नल यांची किती शिस्तबद्ध मांडणी होऊ शकते, ते दिसते.

गाडी मुलाच्या नावाने घरात येते आणि पहिले दोन दिवस वडिलांच्या ताब्यात राहते, हा अनुभव जर्मनीपासून गाझियाबादपर्यंत सारखाच असावा. त्याला फार विरोध करू नये. बाप जमिनीवर मांडी घालून बसला आहे, भ्रमणध्वनी दूर पडला आहे, मुलगी सांधेवाली होऊन सांधा बदलते आहे, धाकटा शिट्टी वाजवितो आहे आणि आजी ‘आमच्या वेळी कोळशाचे कण डोळ्यांत जात’ असे सांगते आहे. बाहेरची हवा कितीही वाईट असो, अशी एखादी सायंकाळ घरात आणता येते. मात्र तिसऱ्या दिवशी कळ मुलांच्या हाती द्यावी आणि गाडी पडली तरी उचलावयास धावू नये.

नोएडातील गॅलरीत किल्ला करावयाचा झाल्यास माती रोपवाटिकेतून आणावी लागते. किल्ला करतानाच पायथ्याशी बोगद्यासाठी पुठ्ठ्याची कमान बसवून घ्यावी आणि तिच्यावर माती थापावी. मागाहून बोगदा खणला तर बुरूज ढासळतो. ओली माती रुळांना लागू देऊ नये. हळीव उगवून येण्यास चार-पाच दिवस लागतात, तेव्हा वसुबारसेच्या आधीच पेरणी व्हावी. भाऊबीज आटोपली की रूळ पुसून, कोरडे करून, मोजून खोक्यात ठेवावेत, आणि खोक्याच्या झाकणावर पुढच्या वर्षी काय आणावयाचे ते मुलांकडून लिहवून घ्यावे: एक डावा सांधा, दोन सरळ रूळ, एक फलाट.